पटाची जोडी आणि फुटबॉलचा संघ

धानाची कापणी आटोपून मळण्या उरकल्या, की पूर्व विदर्भात गावोगावी शंकरपटाचे वेध लागतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद पडलेले हे पट डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाल्यापासून पुन्हा भरू लागले, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाच्या निर्णयाने त्यांच्यावरची टांगती तलवारही दूर झाली. ही परवानगी इष्ट की अनिष्ट, याची चर्चा येथे करावयाची नाही. पटाच्या शौकिनांची नजर कशी असते, एवढ्यापुरताच हा विषय काढला आहे. पटावर उभा राहिलेला जाणता माणूस एकटा बैल कधी पाहत नाही. एकट्या बैलाची पारख बाजारात होते. पटावर जोडी पाहावयाची असते. दोन्ही बैल सारखेच उसळणारे निघाले तर सुटतानाच गोंधळ घालतात. दोन्ही सारखेच थंड असले तर पट संपल्यावर जागे होतात. एकाने झेप घ्यावी आणि दुसऱ्याने ती सरळ रेषेत राखावी, एकाचा आरंभ चांगला असावा आणि दुसऱ्याचा दम चांगला असावा, तेव्हा कुठे जू सरळ राहते. महागडा बैल आणून जुन्या जोडीत घातला आणि पूर्वी मिळत होते ते बक्षीसही हातचे गेले, ही हळहळ पट पाहणाऱ्यांच्या ओळखीची आहे. जोडी विकत मिळत नाही, ती जुळवावी लागते, हे ज्ञान तुमसर तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

नवल याचे वाटते, की याच मातीतली आपण शिकलेली माणसे शाळेचा फुटबॉल संघ निवडावयास बसलो म्हणजे हे ज्ञान वेशीबाहेर ठेवून येतो.

निवड कशी होते ते शिक्षकवर्गाला ठाऊक आहे. पावसाळ्याचे दिवस असतात. तालुका वा जिल्हा पातळीवरचे सामने पंधरा दिवसांवर आले, असे पत्र येते. एका दुपारी पन्नास-साठ मुलांना मैदानावर उभे केले जाते. कोण वेगाने धावतो, कोणाचा चेंडू लांब जातो, कोण चार मुलांना हुलकावणी देऊन पुढे निघतो, हे पाहून कागदावर नावे लिहिली जातात. ती नावे मग वरून खाली उतरत्या क्रमाने मांडली जातात आणि अकराव्या नावाखाली रेघ ओढली जाते. रेघेखालची चार-पाच नावे राखीव. झाला संघ! या पद्धतीत पक्षपात नाही, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बहुधा खरेही असते. पण पक्षपात नसणे आणि शहाणपण असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

प्रस्तुत लेखक स्वतः या पापात सहभागी झालेला आहे. कित्येक वर्षांपूर्वी एका शाळेच्या संघनिवडीत त्याचा हात होता. आम्ही अतिशय निःपक्षपातीपणे त्या शाळेतली अकरा उत्तम मुले निवडली. त्यांतली आठ मुले आघाडीला खेळणारी होती, कारण गल्लीतल्या खेळात जो मुलगा चांगला असतो तो आघाडीलाच खेळतो. मागे ढकलला जातो तो खेळ न येणारा. डाव्या पायाचा मुलगा एकही नव्हता. गोलरक्षक कोणी व्हावे हा प्रश्न सामन्याच्या दिवशी सकाळी निघाला, आणि सर्वांत शेवटच्या क्रमांकाच्या मुलाला ‘तू उभा राहा’ असे सांगण्यात आले. त्या सामन्यात आमच्या बाजूने हुलकावण्या पुष्कळ झाल्या, प्रेक्षकांनी टाळ्याही पुष्कळ वाजवल्या. आम्ही पाच गोलांनी हरलो. प्रतिपक्षाच्या शाळेत आमच्या पहिल्या पाचांत बसेल असा मुलगा एखादाच असावा. परंतु त्यांचा डावीकडचा मुलगा डाव्या पायाने खेळत होता, आणि त्यांचा गोलरक्षक वर्षभर गोलरक्षकच होता. परतीच्या वाटेवर आमची मुले एकमेकांना दोष देत होती. तो दोष त्यांचा नव्हता.

हे असे का होते? माझ्या मते याचे मूळ आपल्या गुणपत्रिकेच्या सवयीत आहे. परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी एकटा बसतो, एकटा लिहितो आणि त्याचा क्रमांक एकट्याचा लागतो. शेजारच्या बाकावरच्या मुलाचे गणित चांगले असल्याने याच्या भाषेच्या गुणांत काही भर पडत नाही. पडली तर त्याला कॉपी म्हणतात. शिक्षक म्हणून आयुष्यभर अशा याद्या लावण्याची सवय झालेला माणूस मैदानावर गेला तरी यादीच लावतो. संघाचे गणित मात्र बेरजेचे नाही. दहावा आघाडीपटू संघाच्या शक्तीत काही घालत नाही, उलट पहिल्या नवांच्या पायांत येतो. आणि एक साधारण गोलरक्षक, जो कोणत्याही यादीत तिसाव्या क्रमांकाच्या वर येणार नाही, तो संघाला सामना मिळवून देतो. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना हे अधिक लवकर पटेल. एखाद्या कार्यालयातले सगळेच लोक उत्तम टिपणी लिहिणारे असले आणि आवक-जावक सांभाळणारा कोणी नसला, तर त्या उत्तम टिपण्या कोणत्या फायलीत गेल्या हे साहेबांनाही सापडत नाही.

या बाबतीत आपल्या देशातला सर्वांत मोठा जाणकार पेशाने शिक्षकच होता, ही गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम शाळेत शिकवीत असत. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला आणि त्या संघाने मुंबईतला रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. १९५१ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताला फुटबॉलचे सुवर्णपदक मिळाले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तेव्हाही प्रशिक्षक रहीमच. रहीमसाहेबांच्या युक्त्या आज ऐकल्या तर साध्या वाटतात. ते फक्त कमकुवत पायानेच खेळावयाच्या स्पर्धा भरवीत. हुलकावणी द्यावयाची नाही, चेंडू मिळताच दुसऱ्याकडे द्यावयाचा, अशाही स्पर्धा भरवीत. उंचीची मर्यादा घालून बुटक्या मुलांच्या स्पर्धा घेत. यातल्या प्रत्येक युक्तीचा हेतू एकच दिसतो: नेहमीच्या खेळात जो गुण झाकला जातो तो उघडा पडावा. ज्याला हुलकावणी देता येत नाही, पण चेंडू नेमका कोणाला द्यावा हे ज्याला दिसते, असा मुलगा आपल्या त्या एका दुपारच्या चाचणीत कधीच वर येणार नाही. रहीमसाहेबांच्या स्पर्धेत तो पहिला आला असता.

१९६२ च्या जकार्ताची कथा पुष्कळांनी ऐकलेली आहे, आणि २०२४ मध्ये ‘मैदान’ या चित्रपटामुळे ती नव्या पिढीपर्यंतही पोहोचली. तरी तिच्यातला आपल्या उपयोगाचा भाग पुन्हा सांगण्यासारखा आहे. पहिल्याच सामन्यात भारत दक्षिण कोरियाकडून दोन गोलांनी हरला. पुढे थायलंडविरुद्धच्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला दुखापत झाली, टाके पडले. अशा वेळी सामान्य प्रशिक्षक काय करील? जर्नेलला विश्रांती देईल आणि यादीतला पुढचा बचावपटू घेईल. रहीमसाहेबांना मात्र हे ठाऊक होते, की कॉलेजच्या दिवसांत जर्नेल आघाडीला खेळत असे. त्यांनी त्याला आघाडीच्या मध्यभागी नेले आणि बचावाचा मध्य अरुण घोषकडे सोपवला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला भारताने तीन विरुद्ध दोन गोलांनी हरवले, त्यांतला एक गोल जर्नेलचा. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया होता. पहिला गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा. भारत दोन विरुद्ध एक असा विजयी झाला.

जर्नेलचे शौर्य वादातीत आहे. परंतु या कथेत मला अधिक मोलाचे वाटते ते एका शिक्षकाचे ज्ञान. आपल्या हाताखालच्या माणसाने दहा वर्षांपूर्वी काय केले होते, त्याच्या अंगात आज न दिसणारे काय आहे, याची नोंद त्या माणसाच्या मनात होती. त्या संघातला उंचापुरा गोलरक्षक पीटर थंगराज यानेही फुटबॉलची सुरुवात आघाडीला खेळून केली होती. त्याच्या हातांची आणि उंचीची खरी जागा दुसरी आहे, हे कोणीतरी वेळीच ओळखले म्हणून तो आशियातल्या नामांकित गोलरक्षकांत गणला गेला. मधल्या फळीत फॉर्च्युनाटो फ्रँको होता, मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघातून खेळणारा. चुनी गोस्वामी, बलराम, पी. के. ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. फ्रँकोचे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक असेल? त्याचे काम चेंडू हिसकावून या तिघांच्या स्वाधीन करण्याचे होते. ज्याचे काम दुसऱ्याचे काम सोपे करण्याचे असते, त्याचे नाव मागे पडते. मैदानाबाहेरही याहून वेगळे काही घडत नाही.

रहीमसाहेब पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये कर्करोगाने वारले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला मिळालेले नाही.

येथे कोणी म्हणेल, की रहीम यांच्यापुढे सारा देश होता; बंगालचा एक, पंजाबचा दुसरा, मुंबईचा तिसरा असे वेचून त्यांना संघ बांधता आला. तुमसरच्या शाळेत जी मुले प्रवेश घेतात तीच असतात, आम्ही निवडणार काय आणि जुळवणार काय? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ज्याच्यापुढे सारा देश पसरलेला आहे, त्याला निवड चुकली तरी भागते. एक खेळाडू बसला नाही तर दुसरा मागवता येतो. ज्याच्यापुढे साठच मुले आहेत त्याला जुळवणीवाचून दुसरा मार्गच नाही. दिल्लीला १९६० पासून भरणाऱ्या सुब्रतो मुखर्जी चषकाच्या स्पर्धेचे वैशिष्ट्य हेच, की तेथे शाळेचा संघ शाळेचा म्हणून उतरतो. साऱ्या जिल्ह्यातून वेचलेले मोती नव्हेत, एका फाटकातून रोज आत येणारी मुले एकत्र खेळतात. अशा संघात जर एकच डावखुरा असेल, तर तो सहावीत असतानाच शिक्षकाच्या नजरेत आला पाहिजे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेथे फुटबॉल तालमींच्या आश्रयाने वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथील माणूस देवादिकांच्या नावांसारखी घेतो, आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांना कोल्हापूरकर जी गर्दी करतात तिचा हेवा मोठ्या शहरांनी करावा. तालमीच्या संघाचे बळ कशात आहे? एका पेठेतली मुले लहानपणापासून एकत्र खेळतात. कोणता मुलगा दडपणाखाली चेंडू उगाच धरून बसतो, कोणाला मागून हाक दिली की तो वळतो, कोणाचा राग कोणी शांत करावयाचा, हे त्यांना सांगावे लागत नाही. अनिकेत जाधवसारखा मुलगा याच शहरातून निघाला आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. आपल्याकडे तालमी नाहीत हे खरे. परंतु शाळा आहेत, आणि शाळेत मूल पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे असते. त्या सहा वर्षांतली पंधरा दिवसच आपण त्याला संघात ठेवतो, ही तक्रार मैदानाची किंवा पैशाची नाही.

दुसरा एक आक्षेप अधिक जाणकारांचा आहे. फुटबॉलचा थोडाफार इतिहास वाचलेला तरुण म्हणेल, की १९७० च्या ब्राझील संघाचे काय? पेले, टोस्टाव, रिव्हेलिनो, गेर्सन आणि झैरझिन्यो, पाचही जण आपापल्या क्लबातले आघाडीचे सूत्रधार. त्या पाचांना एकाच संघात घेऊन मारिओ झागालो यांनी विश्वचषक जिंकला. मग सर्वोत्तम तेवढे निवडावेत, जुळणी आपोआप होते, असे का म्हणू नये? या उदाहरणाकडे नीट पाहिले म्हणजे ते आमच्याच बाजूने बोलते. झागालो यांनी पाच जण घेतले, पण पाच जागा त्यांना सारख्या दिल्या नाहीत. गेर्सन मागे राहून लांब पास देऊ लागला, रिव्हेलिनो डावीकडे गेला, झैरझिन्यो उजवीकडे, आणि टोस्टाव पेलेसाठी जागा मोकळी करीत फिरू लागला. पियाझा हा मधल्या फळीतला खेळाडू बचावात नेण्यात आला. २१ जूनच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध झालेला चौथा गोल ज्यांनी चित्रफितीवर पाहिला आहे, त्यांनी तो पुन्हा पाहावा आणि चेंडूकडे न पाहता झैरझिन्योकडे पाहावे. आपली उजवी बाजू सोडून तो डावीकडे आला. त्याच्यावर पहारा ठेवणारा फाकेत्ती त्याच्या मागे ओढला गेला. आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून कर्णधार कार्लोस आल्बर्टो धावत आला. पेलेने मान वर न करता चेंडू त्या रिकाम्या जागेत सरकवला. गोल कार्लोस आल्बर्टोच्या नावावर लागला. त्यातला निम्मा वाटा जागा सोडणाऱ्याचा होता. असे पाच सूत्रधार आपापली हौस बाजूला ठेवावयास तयार झाले, म्हणून तो संघ झाला. आमच्या त्या आठ आघाडीपटूंना ती तयारी कोणी शिकवली नव्हती.

मग तुमसरच्या, मोहाडीच्या किंवा साकोलीच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकाने पाहावे तरी काय? माझ्या मते त्याने मुलांची यादी करण्याआधी कामांची यादी करावी. फुटबॉलात करावयाची कामे थोडीच आहेत. चेंडू अडवणे, हिसकावणे, पोहोचवणे, पळवणे आणि आत घालणे. यांशिवाय एक काम असे आहे की ज्याला नाव नाही: बोलणे. मागे उभ्या असलेल्या मुलाला सारे मैदान दिसते. पुढच्याला पाठीमागचे दिसत नाही. तेव्हा मागे असा मुलगा हवा ज्याला हाक मारण्याची लाज वाटत नाही. वर्गात बडबड केल्याबद्दल रोज बाकावर उभा राहणारा एखादा मुलगा या कामाला नेमका असतो, आणि शिस्तप्रिय शिक्षकांनी त्याला आधीच नापास केलेले असते. गोलरक्षक हवा तर कबड्डी खेळणाऱ्या मुलांत शोधावा, कारण अंगावर येणाऱ्याला न घाबरता नेमक्या क्षणी झडप घालण्याची सवय कोपरा सांभाळणाऱ्या खेळाडूला असते. डावखुरा मुलगा हवा तर त्याला शाळेत आल्या दिवसापासून उजवा करण्याचा जो उद्योग आपल्या घराघरांत चालतो, तो आधी थांबवावा. खेड्यातून सायकल दामटीत येणाऱ्या मुलाच्या पायांत जो दम असतो तो गावातल्या मुलाजवळ नसतो. मधल्या फळीत सामनाभर धावणे हे त्याचे काम. याउलट गावातला मुलगा चेंडूशी अधिक खेळलेला असतो. या दोघांना एकमेकांशेजारी ठेवले तर एकाची धाव आणि दुसऱ्याची सफाई यांचा संयोग होतो. गुणपत्रिकेप्रमाणे दोघांची तुलना केली, तर दोघांपैकी एक घरी जातो.

आपल्या झाडीपट्टीत याचे उत्तम शिक्षण देणारी एक संस्था पूर्वीपासून आहे. ती म्हणजे आपली नाटके. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटके रात्रभर पाहणारा प्रेक्षक आमच्या भागात घरोघर आहे. त्या प्रेक्षकाला विचारा, की पाच नायक आणि पाच नायिका घेऊन नाटक करावे काय? तो हसेल. खलनायक दमदार हवा, विनोदी पात्र वेळ सावरणारे हवे, गायकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि तबलजी झोपता कामा नये. नायक थोडा कच्चा असला तरी चालतो. नाटकाच्या बाबतीत इतका सूक्ष्म विचार करणारा हाच माणूस मुलाच्या संघात मुलगा आघाडीला का खेळवला नाही म्हणून मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन येतो.

त्या तक्रारीमागे मात्र केवळ हौस नाही, हे मान्य केले पाहिजे. येथे प्रश्न गंभीर होतो. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण आहेत आणि २००५ पासून शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. धानाच्या दोन एकरांवर चार माणसे जगवणाऱ्या, किंवा चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत राबणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही सवलत म्हणजे थट्टा नव्हे. तेव्हा निवडीच्या दिवशी शिक्षकावर दडपण येते ते यंदा दहावीत असलेल्या मुलांना संघात घेण्याचे. सातवीतला होतकरू गोलरक्षक मागे राहतो, कारण त्याला गुणांची घाई नाही. दरवर्षी दहावीचा संघ जातो, हरतो आणि विखुरतो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून आरंभ. संघ या शब्दाला काही सातत्य अभिप्रेत आहे, ते कधी निर्माणच होत नाही. सवलत रद्द करावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु ती मिळते कशाने, तर संघ वरच्या पातळीपर्यंत पोहोचल्याने. जो संघ पहिल्याच फेरीत गारद होतो, त्यातल्या दहावीच्या मुलाच्या पदरी तरी काय पडणार? दोन वर्षे सांभाळलेल्या संघात राखीव म्हणून बसलेल्या मुलाला, घाईने जमवलेल्या संघाच्या कर्णधारापेक्षा अधिक लाभ होण्याचा संभव आहे. हा हिशेब पालकसभेत कोणीतरी स्पष्टपणे मांडावयास हवा.

यांत मुलींचाही विचार आहे. सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे, पण ‘अकरा मुली मिळत नाहीत’ म्हणून कित्येक शाळा नावच पाठवीत नाहीत. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे नेमक्या सामन्यांच्या सुमारास, खेड्यातल्या मुली घरी किंवा बांधीत असतात, हेही तितकेच खरे. अकरा मिळत नसतील तर चार मिळतात काय, असे विचारावे. नागपूरचे उदाहरण दूर नाही. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास वस्तीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. तो पुढे ‘स्लम सॉकर’ या नावाने जगाला ठाऊक झाला आणि २०२२ मध्ये ‘झुंड’ या चित्रपटाचा विषय बनला. बेघरांच्या विश्वचषकात, ज्यात नागपूरची मुले भारताकडून खेळली, एका वेळी मैदानात फक्त चार जण असतात, एक गोलरक्षक आणि तीन खेळाडू, आणि डाव सात-सात मिनिटांचे. चौघांच्या खेळात लपावयास जागा नसते. तेथे दोघे एकाच गुणाचे असले तर ते पाच मिनिटांत उघडे पडते, आणि ज्याच्याजवळ निराळा गुण आहे तो तितक्याच लवकर दिसतो. शाळेच्या प्रांगणात, व्हॉलीबॉलच्या आखलेल्या जागेत, दोन विटांचे गोल करून हा खेळ होऊ शकतो. निवड करावयाची असेल तर ती त्या धावण्याच्या आणि लाथा मारण्याच्या चाचणीऐवजी अशा खेळातून करावी. दर दहा मिनिटांनी चौकडी बदलावी आणि शिक्षकाने एवढेच टिपावे, की कोण आत आल्यावर इतर तिघांचा खेळ सुधारतो. तो मुलगा स्वतः चांगला खेळला की नाही, हे टिपण्याची आवश्यकता नाही.

२०१७ साली विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले आणि १५ सप्टेंबरला एकाच दिवशी दहा लाख मुलांनी खेळावे असा उपक्रम झाला. त्यांतले काही चेंडू अजून कपाटांत असतील; हवा गेली असेल, पण फुटलेले नसतील. पाऊस लागण्यापूर्वी कोणी ते बाहेर काढले, तर पहिल्या दिवशी मुलांना रांगेत उभे करू नये. चार-चारांच्या टोळ्या कराव्यात, प्रत्येक टोळीत निदान एक पाचवी-सहावीचे मूल असावे, आणि अर्धा तास तरी शिट्टी खिशात ठेवावी.